वाटीमावशीने घेतलेला सूड

वाटीमावशी पहिल्या भेटीत कुणाला "कशी आहेस?" म्हणून विचारत नसे. ती सरळ जवळ यायची, अंगठ्याने तुमची खालची पापणी ओढायची आणि आतली कड बघायची. कड लालसर दिसली की "बरी आहेस" म्हणून सोडून द्यायची. पांढरट दिसली तर तुमची खैर नसे. लग्न होऊन मी गिरगावातून नायगावच्या बीडीडी चाळीत आले, त्याच्या तिसऱ्याच दिवशी, हातात पाण्याने भरलेली बादली असताना, एका अनोळखी बाईने कॉरिडॉरमध्ये माझा डोळा असा उघडून बघितला. मी ओरडलेच, "अहो, काय चाललंय हे?" तर ती म्हणाली, "पांढरी फटक आहेस. काय जेवतेस तू? आणि कितव्या पंगतीला जेवतेस?" मला असा राग आला म्हणून सांगू! नवी नवरी मी, अंगावरची हळद अजून गेली नव्हती, आणि ही कोण लागून गेली माझ्या जेवणाची चौकशी करणारी!

मी तिला तसं तोंडावर म्हटलंसुद्धा. आमच्या गिरगावात असं कुणी कुणाच्या डोळ्यांत बोटं घालत नाही म्हणून ठणकावलं. तिच्यावर ढिम्म परिणाम झाला नाही. "का? गिरगावात बायकांना रक्त काय नळाला येतं?" असं म्हणून ती निघून गेली. त्या दिवशी मी मनात ठरवून टाकलं, ह्या बाईशी आपलं जमायचं नाही. पुढे वीस वर्षं आमचं जे जमलं ते चाळीतल्या कुणाचं कुणाशी जमलं नसेल.

परळच्या एका मोठ्या इस्पितळात ती आहार विभागात नोकरीला होती. शिकलेली आहारतज्ज्ञ वगैरे नव्हे. रोग्यांची ताटं भरायची, मधुमेहवाल्याला वेगळं, किडनीवाल्याला वेगळं, बाळंतिणीला वेगळं. सगळं वाटीच्या मापाने. घरी ती एक स्टीलची वाटी घेऊन मजलाभर हिंडायची, म्हणून तिला वाटीमावशी म्हणत. इस्पितळातल्या मॅडम लोकांचं बोलणं ऐकून ऐकून तिने जे ज्ञान जमवलं होतं, ते ती आमच्या भाषेत आणून सांगायची. "ताटाचं अर्धं अंग भाजी, कोशिंबीर, फळ. पाव भागात भात नाहीतर भाकरी. उरलेल्या पावात डाळ, उसळ, अंडं, मासळी. तेल हात आखडून. लोणचं-पापड नखाएवढं. झालं! बाकी त्या मोबाईलमधले डॉक्टर काय सांगतात ते गटारात सोड." समोरच्या खोलीतला जिमला जाणारा पोरगा एकदा डब्यातली प्रोटीनची पावडर दाखवायला आला, तेव्हा तिने त्याला वाटीभर हरभरे आणि दोन उकडलेली अंडी दाखवली आणि विचारलं, "ह्यांनी तुझं काय वाकडं केलंय रे?"

माझं आणि तिचं जमलं ते मी दादरला भर बाजारात चक्कर येऊन पडले तेव्हा. भाजीवालीच्या टोपलीवरच पडले. दवाखान्यात रक्त तपासलं, कमी निघालं. लोहाच्या गोळ्या दिल्या. तीन महिने न चुकता गोळ्या घेतल्या, पुन्हा तपासलं तर जैसे थे. सासूबाई म्हणाल्या, गोळ्याच खोट्या असतील. मावशीने मला समोर बसवलं. "गोळी कधी घेतेस?" म्हटलं, सकाळी, चहाबरोबर. विसरायला नको म्हणून. तिने कपाळावर हात मारून घेतला. "अगं माझे आई, चहा ते लोह अंगाला लागूच देत नाही. तीन महिने तू गोळी गिळलीस आणि चहाने ती अडवली. लिंबूपाण्याबरोबर घे. आणि चहा त्यानंतर दोन तासांनी." एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. आमच्या मजल्यावर निम्म्या बायका तेच करत होत्या, हे नंतर कळलं.

मग तिने माझे वार काढले. सोमवार नवऱ्यासाठी, गुरुवार घरासाठी, शनिवार सासूबाईंनी धरला होता म्हणून त्यांच्या सोबतीला. तिन्ही दिवस साबुदाणा, बटाटा, वरीचे तांदूळ आणि ढीगभर चहा. "म्हणजे आठवड्यातले तीन दिवस तू नुसती खळ खातेस," ती म्हणाली. "उपाशी बाई देवाला आवडते, हे तुला देवाने सांगितलं की सासूने?" सासूबाई तिथेच बसल्या होत्या. त्यांनी तोंड फिरवलं. मी घाबरून गेले. पण खरं सांगते, आतून मला गुदगुल्या झाल्या. मी एकच वार ठेवला, तोही राजगिऱ्याची भाकरी, दही, शेंगदाण्याची आमटी आणि फळांवर. बाकीच्या दिवशी अळिवाचा लाडू, काळ्या वाटाण्याची उसळ, जवळ्याची चटणी. सहा महिन्यांत माझ्या गालांवर रंग आला.

तिची आणखी एक खोड होती. दुपारी जेवणाच्या वेळी ती कुणाच्याही दारात उभी राहायची आणि घरातल्या सुनेचं ताट बघायची. घरातल्या थोरांकडे ढुंकूनही बघायची नाही. सुनेच्या ताटात नुसता रस्सा दिसला की दारातूनच आवाज: "तुकडी कुठाय?" आमच्या मजल्यावर बहुतेक घरं मालवणची. त्या घरांतला नियम ठरलेला. मासळी आली की तुकड्या पुरुषांना, मग मुलग्यांना, उरली तर सासूला. सुनेला कालवणाचा रस्सा आणि खालची खरवड. कुणी तिच्यावर जुलूम करतंय असं कुणालाच वाटत नसे, तिलासुद्धा नाही. "सूड घ्यायचाय मला," मावशी म्हणायची, "ह्या रश्शाचा." आम्ही हसायचो. मला वाटायचं, बोलायची एक तऱ्हा आहे तिची.

ती तऱ्हा नव्हती. एके दिवशी अळिवाचे लाडू वळता वळता तिने मला सगळं सांगितलं. तिची धाकटी बहीण नलू आमच्याच मजल्यावर दिलेली होती, परबांकडे. परबांची म्हातारी, जिला सगळे परबीण म्हणत, ती नलूची सासू. नलू पोटुशी होती. मावशी तेव्हा परळला रोज परक्या बाळंतिणींची ताटं भरत होती, दूध, अंडं, पालेभाजी, मोजून. आणि तिची बहीण चालत अर्ध्या तासावर रस्सा-भात खात होती. बाळंतपणात रक्त गेलं. अंगात मुळातच नव्हतं, ते भरून कुठून येणार? नलू गेली आणि बाळही गेलं. तेवीस वर्षांची होती. तेराव्याला सगळे जमलेले असताना परबीण म्हणाली, "तिच्या अंगात रगातच नव्हतां. म्हायारसूनच तशी इली." म्हणजे दोष माहेरचा. मावशीने ते कानांनी ऐकलं. नंतर महिन्याभरात तिने त्याच मजल्यावर, परबिणीच्या खोलीपासून तिसऱ्या दारी, भाड्याने खोली घेतली.

"लांब राहून सूड घेता येत नाही," ती मला म्हणाली. "रोज तोंड दिसलं पाहिजे. तिला माझं, मला तिचं." लग्नबिग्न तिने केलं नाही. परबीण कॉरिडॉरमधून जाऊ लागली की मावशी दारात येऊन उभी राहायची. बोलायची नाही. नुसती बघायची. परबीणसुद्धा काय कमी होती? पायातली चप्पल आपटत, नाक वर करून जायची. तीस वर्षं हे असं चाललं. ह्या दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नसतील, पण एकीचा दुसरीवरून डोळा हटला नाही.

आणि सूड ती वेगळ्याच ठिकाणी घेत राहिली. आमच्या चाळीची सत्यनारायणाची पूजा असायची, महाप्रसाद असायचा. पुरुषांच्या दोन पंगती, मग मुलांची, मग बायका. बायकांच्या वेळी नेहमी वाटाण्याची उसळ संपलेली आणि भाजीचा नुसता मसाला खाली लागलेला. एका वर्षी स्वयंपाकाचं काम मावशीने अंगावर घेतलं. पुरुष सोवळ्यात, टोप्या घालून पहिल्या पंगतीला बसले, तर मावशीने कढईवर झाकण ठेवलं आणि पळी कमरेला खोचली. "आज बायका पहिल्या. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, म्हाताऱ्या, मग बाकीच्या. पुरुषांनी वाढायचं." असा गदारोळ झाला! समितीचे अध्यक्ष म्हणाले, हे शास्त्रात बसत नाही. मावशी म्हणाली, "शास्त्राला काय वाटतं ते नंतर विचारू. उसळ संपत आलीय, लवकर ठरवा." माझ्या नवऱ्याने सगळ्यांच्या आधी वाढप्याची बादली हातात घेतली, हे मी त्याच्या नावावर आजही जमा धरते. त्या दिवशी पुरुषांच्या वाट्याला भाजीचा मसाला आला. मी जेवून उठले आणि अध्यक्षांच्या ताटात तो मसाला स्वतःच्या हाताने वाढला. काय चव होती त्या वाढण्यात!

परबीण मात्र त्या पंगतीला आली नाही. तिच्या मुलाने दुसरं लग्न केलं होतं. दुसरी सून शहाणी निघाली, वर्षाच्या आत नवऱ्याला घेऊन विरारला वेगळी राहायला गेली. परबीण एकटी राहिली. मुलगा महिन्यातून एकदा येऊन किराणा भरून जायचा. ऐंशी उलटल्यावर तिचं खाणं हळूहळू सुटलं. सकाळी चहा आणि बटर, दुपारी चहा आणि खारी, संध्याकाळी पुन्हा चहा. चूल पेटेनाशी झाली. दात गेलेले, एकटीसाठी कोण करणार? मग ती भ्रमिष्टासारखं बोलू लागली. मला कधी आपली बहीण समजायची, कधी नळाचा माणूस. एकदा कॉरिडॉरमध्ये पडली ती उठेना.

तेव्हा माझा जीव हरखला होता, हे मी लपवणार नाही. नलूला मी कधी बघितलं नव्हतं, पण मावशीच्या तोंडून तिच्याबद्दल इतकं ऐकलं होतं की ती माझ्याच पाठची वाटायची. आणि नाही म्हटलं तरी माझा स्वतःचा राग होताच. माझ्या गालांचा गेलेला रंग, दादरच्या बाजारात टोपलीवर पडणं, तीन-तीन दिवसांचा साबुदाणा, हे सगळं मी परबिणीच्याच नावावर मांडलं होतं. मावशी इस्पितळातून निवृत्त होऊन घरी असायची. मी धावत तिच्याकडे गेले आणि म्हटलं, "मावशी, मरू दे म्हातारीला. चहा-बटरवर मरते तर मरू दे. केलेलं इथेच फेडायचं असतं."

मावशी तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "आत्ता ती मेली तर फुकट मेली," ती म्हणाली. "शुद्ध नाही तिला. आणि भूक तर अजिबात नाही. ज्याला भूकच लागत नाही, त्याला उपाशी ठेवून काय कळणार? आधी भूक लावते तिला. मग बघते." तिचा चेहरा असा होता की माझ्या अंगावर काटा आला. मी मनात म्हटलं, हिने तीस वर्षं विचार करून ठेवलाय.

ती वाटी घेऊन परबिणीच्या खोलीत गेली. तीस वर्षांत पहिल्यांदा तिने तो उंबरा ओलांडला. अंगठ्याने पापणी ओढून बघितली. मग पालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला बोलावून आणलं, त्याने तपासलं, इंजेक्शनं लिहून दिली, आणि खायला घाला म्हणाला, पण बेताने. बेताने म्हणजे काय हे मावशीला कुणी शिकवायला नको होतं. पहिले चार दिवस दोन-दोन चमचे पेज, दर दोन तासांनी. मग मुगाच्या डाळीचं पाणी, मग मऊ भात-वरण, वर साजूक तुपाचा थेंब आणि लिंबू. नाचणीची आंबील. उकडलेलं अंडं कुस्करून. काटे काढलेली मांदेली. पाणी सारखं. चहा दिवसातून एकदा, तोही जेवणाच्या जवळपास नाही. परबीण शिव्या घालायची, तोंड फिरवायची, पेज अंगावर थुंकायची. मावशी पदराने पुसायची आणि पुढचा चमचा धरायची. "माका मारून टाक, पण ह्यां नको," असं म्हातारी एकदा रडली. मावशी म्हणाली, "मारायचं नाय तुका. एवढ्यात नाय."

मजल्यावरच्या बायका म्हणू लागल्या, वाटीमावशी म्हणजे देवमाणूस हो, वैरिणीला घास भरवते. मी गालातल्या गालात हसायचे. देवमाणूस कसली!

तीन महिन्यांत म्हातारी उठून दारात बसू लागली. माणसं ओळखू लागली. मला नावाने हाक मारून "तुझो घोव जाडो झालो" म्हणाली तेव्हा मी समजले, आमची जुनी परबीण परत आली. मग एका सकाळी मावशी आत शिरताच म्हातारीने विचारलं, "आज कालवण कसला?" मावशी जागच्या जागी थांबली. वळून माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "लागली भूक."

त्या दुपारी जेवण झाल्यावर मावशीने तिला सरळ विचारलं, "काकी, आमच्या नलूक काय झाला होता?" मी दाराच्या कडेला उभी होते. म्हातारी डोळे न उचलता, तोंडात अडकलेलं शीत बोटाने काढत म्हणाली, "तिच्या अंगात रगातच नव्हतां. म्हायारसूनच तशी इली." तेच वाक्य, तसंच्या तसं. आणि बोलायची ही ताकद कुणाची? मावशीने भरवलेल्या नाचणीची, अंड्याची! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुढे होणार तेवढ्यात मावशीने माझा दंड धरला आणि मला बाहेर आणलं. "ठीक आहे," म्हणाली. "उद्या बुधवार आहे ना? मासळी आणू."

बुधवारी सुरमई आली. मावशीने कालवण केलं, त्याचा वास जिन्यापर्यंत. परबिणीच्या ताटात तिने भात वाढला, भाजी वाढली, आणि वर नुसता रस्सा. मग स्वतःचं ताट घेऊन ती तिच्यासमोर मांडी घालून बसली. तिच्या ताटात तुकडी होती. ती सावकाश जेवली. म्हातारी बघत राहिली आणि रस्सा-भात जेवून उठली. पोट भरेल एवढं होतं तिच्या ताटात, फक्त तुकडी नव्हती. शुक्रवारी पुन्हा तेच. म्हातारीने ताट उजेडाला धरून दोनदा बघितलं. माझं जेवण घरी झाकलेलं असायचं, तरी मी मुद्दाम त्या वेळी तिथे जाऊन बसायचे. मला ते डोळे भरून बघायचं होतं.

रविवारी म्हातारीने ताट पुढे ढकललं. "माका तुकडी?"

"संपली," मावशी म्हणाली. "पुरुषांक वाढली."

"पुरुष खंय असत तुझ्याकडे? माझ्याकडे कोण असा? मगे तुकडी गेली खंय?"

"नलूनं पण असाच इचारल्यान असतला," मावशी म्हणाली. "तू काय सांगलंस तिका?"

म्हातारीने भातात बोटं फिरवली. बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मग ती खाली बघूनच म्हणाली, "इचारल्यानच नाय तिना. तिना कधीच इचारल्यान नाय." मग आपल्या मुलाच्या तुकडीबद्दल म्हणाली, "झाकून ठेवलेली असायची. झिलाक सकाळी लागता म्हणान. ती झाकण बघी, पण हात लावी नाय." मग तिने मावशीकडे वर बघितलं. "पोटुशी होती. तिकाय अशीच भूक लागली असतली, नाय गो?"

मावशीने आपल्या ताटातली तुकडी उचलली. मला कळलं ती काय करणार आहे, आणि मी मोठ्यांदा म्हणाले, "मावशी, देऊ नकोस!" खरंच म्हणाले. तिने मला "गप बस" म्हटलं आणि तुकडी परबिणीच्या भातावर ठेवली. म्हातारी रडत होती, आणि रडता रडता काटे काढून खात होती, शेवटचा काटा चोखेपर्यंत. मावशी उठून कॉरिडॉरमध्ये आली, कठड्याला टेकून बसली आणि हमसून हमसून रडली. तीस वर्षांचं साचलेलं होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, पण मनातून धुमसत होते. माझं समाधान झालं नव्हतं. एवढ्यावर सोडायची?

पुढे वर्षभरात चाळीच्या जागी टॉवर बांधायचे म्हणून चाळ रिकामी करायच्या नोटिसा आल्या. परबिणीला मुलगा येऊन विरारला घेऊन गेला, तिथेच ती गेली. मावशी पोटभाडेकरू, तिला टॉवरमध्ये काय मिळणार? ती घोडपदेवला भाचीकडे राहायला गेली. सामान बांधायला मी मदतीला होते. ट्रंक बंद करताना मी तिला विचारलं, "मावशी, तू म्हातारीला माफ केलंस?" तिने भुवया वर केल्या. "माफी द्यायला नलू पाहिजे. मी कोण देणारी? तिला भूक कळली, बास. आणि खरं सांगू? समोर बसून खायचे ते तीन दिवस मला तुकडी गिळवत नव्हती गं. जन्मभर वाढायची सवय." मग लगेच आवाज चढवून म्हणाली, "पण तू वार वाढवू नकोस हां पुन्हा! मी येऊन बघेन." दोन वर्षांमागे ती झोपेतच गेली. घोडपदेवच्या त्या छोट्या खोलीत आमच्या जुन्या मजल्यावरच्या एवढ्या बायका जमल्या की भाचीला उभं राहायला जागा नव्हती. एकूण एक बाई दणकट. सगळ्या तिच्या हाताखालून गेलेल्या.

आम्ही आता टॉवरमध्ये राहतो, एकविसाव्या मजल्यावर. गेल्या वर्षी माझ्या मुलाचं लग्न झालं. सून प्राची नर्स आहे, तिच्या कामाच्या पाळ्या असतात. गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही सात-आठ जणी बसलो होतो आणि मी त्यांना मावशीची ही सगळी हकीकत रंगवून सांगितली. परबिणीला मी असे काही शिव्याशाप दिले की बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग घरी आले, सुरमईचं कालवण केलं, नवऱ्याला आणि मुलाला वाढलं, स्वतः जेवले.

प्राची सकाळपाळी करून तीन वाजता आली. हातपाय धुतले, गॅसवरचं पातेलं उघडलं. मी सोफ्यावर बसून बघत होते. तिने पळीने तळ ढवळला, एकदा, दोनदा. मग भात घेतला, त्यावर रस्सा घेतला आणि टेबलाशी येऊन जेवायला बसली. तिने काही विचारलं नाही. माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "मस्त झालंय, आई."

मी उठले. फ्रीज उघडला, झाकलेलं भांडं काढलं, तुकडी गरम केली आणि तिच्या ताटात वाढली. "अगं, तुझीच होती, द्यायला विसरलेच मी," असं म्हटलं. विसरले नव्हते. सगळ्यात मोठी तुकडी बघून, निवडून, मुलाच्या उद्याच्या डब्यासाठी माझ्या ह्याच हातांनी मी ती झाकून ठेवली होती.